भारी तेल

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे सेकंदराव म्हणत. घड्याळांमुळे नव्हे बरं का. त्यांना काहीही विचारा, आधी "एक सेकंद हं" यायचं आणि उत्तर मागाहून यायचं. पुष्कळदा यायचंच नाही. चहा घेणार का? एक सेकंद हं. दार लावू का उघडं ठेवू? एक सेकंद हं. लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का म्हणून विचारलं, तेव्हाही गृहस्थ तेच म्हणाले. भांडण निघालं की बायको आजही ऐकवते, "तुमचा तो सेकंद अजून संपलेला नाही!"

दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळाला दार लावलं तर होईल तेवढी जागा. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. आत एक उंच स्टूल, काचेखाली ओळीने मांडलेले चिमटे आणि भिंतीवर बावीस घड्याळं, बावीस वेगवेगळ्या वेळा दाखवणारी. पण उजव्या डोळ्याला भिंग लावून सेकंदराव एकदा घड्याळात शिरले की मग गोंधळ नाही, घाई नाही, काही नाही. हात कापत नसे. चाकाच्या टोकाला तेल द्यायचं ते सुईच्या अग्रावर राहील तेवढंच. त्या तेलाची करंगळीएवढी बाटली सहा-सहा वर्षं पुरायची. तेलातलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता आणि तो काही खोटा नव्हता. फक्त चार लिटर तेलाशी त्यांची आयुष्यात कधी गाठ पडली नव्हती.

ती पडली दादांमुळे.

दादा म्हणजे थोरले भाऊ. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, कारण पस्तीस वर्षं ते गाडी चालवायला शिकवत होते. आवाज असा दणदणीत की बाजूच्या खुर्चीवर बसून त्यांनी "क्लच! अहो क्लच!" म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूसही पाय दाबायचा. लग्न केलं नाही. घर, संसार, लेकरू जे काय म्हणाल ते म्हणजे ती करड्या रंगाची छोटी गाडी. इतकी जुनी, की ती बनवणाऱ्या कंपनीलाही तिची आठवण राहिली नसेल. धाकट्या भावालाही त्यांनी त्याच गाडीवर शिकवलं. सेकंदराव सातव्या परीक्षेला पास झाले. त्या दिवशी दादा म्हणाले, "बाबा रे, तू आपली घड्याळंच बघ. ती निदान कुणाला धडकत नाहीत." आणि पुन्हा म्हणून गाडीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या कुणालाही नाही. तेल बदलायचं तेही स्वतःच, दोघा भावांच्या घरांमधल्या अंगणात, जुनी चादर अंथरून, गाडीखाली उताणं पडून.

चार महिन्यांपूर्वी असंच झालं. दादांनी सकाळी गाडीतलं जुनं तेल तसराळ्यात काढलं. ज्या भोकातून ते काढतात, त्याचं बूच पुसून फडक्यावर ठेवलं. हात धुतले आणि नवं तेल आणायला म्हणून निघाले, ते फाटकापाशीच कोसळले. अर्धांगवायूचा झटका. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्या दणदणीत माणसाकडे शब्द किती उरले? एक. "भारी." चहा आला, भारी. इंजेक्शन टोचलं, भारी. भाऊ भेटायला आला, भारी. भाऊ निघाला, भारी. वाचताही येईना. अक्षरं पुढे धरली तर दुसऱ्याचीच चिठ्ठी हातात आल्यासारखं बघायचे. मानेचंही खरं नव्हतं. हो म्हणायचं असलं की नाही अशी हलायची आणि नाहीला हो अशी.

तीन आठवडे दवाखान्यात, मग अशा माणसांना पुन्हा उभं करणाऱ्या एका केंद्रात. तिथे दादा काठी घेऊन चार पावलं टाकायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, घरच्या माणसांत राहतील तर जास्त सुधारतील. सेकंदरावांच्या बायकोने खालची खोली रिकामी केली, पलंग लावला, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडे बसवून घेतले. सगळं तयार. पण दादा हलेनात! भाड्याची गाडी आणली, तर पलंगाची कड धरून बसले. रुग्णवाहिका आणली, तर भिंतीकडे तोंड करून झोपले. दोनदा हा तमाशा झाला. डॉक्टर सेकंदरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "काका, उचलून नेता येईल हो. पण इच्छाच नसली तर पुढे काही होणार नाही. मग आहेत तसेच राहतील."

तेव्हा सेकंदरावांच्या तोंडून, कधी नव्हे ते एक सेकंदही न थांबता, निघून गेलं, "दादा, तुझी गाडी घेऊन येतो. शनिवारी."

दादांनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.  मग बरा पाय पलंगाखाली सोडून चपला चाचपायला लागले.

झालं. शब्द गेला तोंडातून, आता गाडी आणणं आलं. आणि ती आणली नाही, नाहीतर अर्ध्या रस्त्यात बंद पडली, तर हा माणूस पुन्हा कशासाठीही पाय खाली सोडणार नाही, हे सेकंदरावांना डॉक्टरांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. सोमवार होता तो.

मंगळवारी त्यांनी बॅटरी भरून आणली, बूच परत बसवलं आणि गाडीचं पुस्तक काढलं. कुठलं तेल घालायचं ते पुस्तकात लिहिलेलं असतंच. होतंच लिहिलेलं. पण ते पान दादांनी इतक्या वेळा तेलाच्या हातांनी उघडलं होतं, की त्यावर एक काळा डाग उरला होता फक्त. मागची पानं स्वच्छ, पुढची पानं स्वच्छ. टायरमध्ये हवा किती हे ठसठशीत वाचता येत होतं. तेलाचं पानच नेमकं तेलाने खाल्लेलं! दादा ज्यांच्याकडून तेल घ्यायचे ते म्हातारे दुकानदार मागच्याच वर्षी दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेलेले. जुना डबा शोधावा म्हटलं, तर दादा तेल घरी आणल्या आणल्या किटलीत ओतून ठेवायचे. किटली रिकामी.

मग सेकंदरावांनी घड्याळजीला सुचेल तेच केलं. तसराळ्यातल्या काळ्या तेलाचा एक थेंब चिमट्यावर घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि उन्हात धरून पाहिला. थेंब काळा होता. यापलीकडे काही कळलं नाही. तरी पण थोडं औषधाच्या बाटलीत भरून ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने बाटली वर धरली, हलवली आणि विचारलं, "काका, काय करू याचं? रक्त-लघवी तपासून देऊ?"

गिऱ्हाइकं हसली. सेकंदरावही हसले, कारण हसावं की नाही हे त्यांचं ठरेपर्यंत हसून झालं होतं.

"गाडीला तेल हवंय," ते म्हणाले. "याच्यासारखंच."

"अहो, वापरलेलं तेल सगळं सारखंच दिसतं. हे बघा, शून्य-वीस आहे, पाच-तीस आहे, दहा-तीस, पंधरा-चाळीस, वीस-पन्नास. मधे सगळ्यांना डब्ल्यू. साधं आहे, सिंथेटिक आहे, दोन्हींचं मिश्रण आहे. बोला, हलकं देऊ का भारी?"

"एक सेकंद हं," म्हणून सेकंदराव जे बाहेर पडले ते थेट घरी आले.

त्यानंतर बुधवारच्या रात्रीपर्यंत त्यांनी ज्याला त्याला विचारायचा सपाटा लावला, आणि तिथेच चुकलं. तेल हा विषय असा आहे, की ज्याच्याकडे गाडी आहे त्याला त्यातलं सगळं कळतं आणि ज्याच्याकडे नाही त्याला त्याहून जास्त कळतं. शेजारचा शिंपी म्हणाला, डब्ल्यू म्हणजे वजन. झेरॉक्सवाला म्हणाला, छे, डब्ल्यू म्हणजे वॉट, बल्बवर नसतं का! शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी घड्याळाचा पट्टा बदलायला आले होते. ते म्हणाले, डब्ल्यू म्हणजे हिवाळा. यावर शिंपी आणि झेरॉक्सवाला एकमेकांचं वैर विसरून गुरुजींना हसले. गुरुजींचंच बरोबर होतं हो! पण त्यांचा स्वभाव भांडायचा नव्हता. पट्टा बांधून ते निघून गेले आणि त्यांच्याबरोबर खरं उत्तरही गेलं.

टॅक्सी स्टँडवरचा म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "आकडा मोठा तेवढं तेल जाड. जुनी गाडी म्हणजे आतून झिजलेली. जाड तेल घाला, फटी भरून निघतात. यात विचार कसला करायचा?" सेकंदरावांना पटलं. घड्याळातही झिजलेल्या जागेला ते जरा दाटच तेल देत. पटलं म्हणून उठले, तर वाटेत साडू भेटले. साडू म्हणजे मेव्हणीचे यजमान. नवी कोरी गाडी, आणि बोलणं असं की तिचं इंजिन यांनीच घडवलं असावं. ते म्हणाले, "जाड? वेडे आहात का? जुन्या इंजिनात आतल्या वाटा गाळाने अरुंद झालेल्या असतात. जाड तेल पोचणार कुठून? पातळच घाला. माझं ऐका."

हेही पटलं! घड्याळातही तेल दाट झालं की चाक अडतं. आता सांगा, माणसाने करायचं काय? ज्याचं बोलणं शेवटचं ऐकलं, त्याचं बरोबर वाटायचं. रात्री जेवताना त्यांनी आमटीत चमचा बुडवून वर धरला आणि थेंब कसा पडतो ते बघत बसले.

"अहो, जेवा ना!" बायको कावली. "एवढं डोकं खाण्यापेक्षा ज्यांची गाडी आहे त्यांनाच जाऊन विचारा की!"

"दादाला? दादाला बोलता कुठे येतंय?"

"एक शब्द येतो ना? मग एका शब्दात उत्तर येईल असं विचारा."

सेकंदरावांचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई अशी अचानक वकिलासारखं बोलेल याचा अंदाज त्यांना कधी आला नाही.

गुरुवारी सकाळी दुकान न उघडता ते केंद्रात गेले. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. समोर टेबलावर चित्रांचे पत्ते मांडून त्यांना बोलायला शिकवणारी बाई बसली होती. तरुण होती, चिकाटीची होती. तीन महिने रोज तेच पत्ते. "मास्तर, हे काय आहे? चें... चें..." दादा चेंडूकडे बघून म्हणाले, "भारी." तिने पत्ता खाली ठेवला आणि सेकंदरावांना जागा दिली.

सेकंदराव गुडघे जुळवून बसले. दुकानदाराचे शब्द त्यांनी येताना बसमध्ये घोकले होते. "दादा, गाडीत तेल घालायचंय. कसलं घालू? हलकं का भारी?"

दादांचे डोळे एकदम ताठ झाले. खुर्चीत पुढे सरकले. "भारी," ते म्हणाले.

"भारी ना? हलकं नको?"

दादांनी बरा हात टेबलावर असा आपटला की पत्ते उडाले. "भारी!"

सेकंदरावांना इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. उत्तर मिळालं! दादांनी दिलं! ते बाईकडे बघून म्हणाले, "बघितलंत? सांगितलं त्यांनी."

बाईने पत्ते गोळा करता करता खालच्या आवाजात म्हटलं, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण ते सगळ्यालाच भारी म्हणतात. तुम्ही आत्ता विष घालू का विचारलंत तरी तेच म्हणतील."

आनंद जागच्या जागी विझला. सेकंदरावांनी पुन्हा विचारलं, "दादा, जाड घालू?" दादांनी मान नाही अशी हलवली आणि म्हणाले, "भारी." "मग पातळ?" मान हो अशी हलली, हात पुन्हा टेबलावर आपटला, "भारी!" आता यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं? मान धरावी तर ती उलटी चालते, शब्द धरावा तर तो एकच. दादा घामाघूम झाले होते. ओठ नुसते हलत होते. पाण्याखाली अडकलेल्या माणसाकडे काठावरून बघावं तसे सेकंदराव बघत राहिले आणि शेवटी त्यांनीच दादांचा हात धरून म्हटलं, "कळलं दादा, कळलं. राहू दे."

काय कळलं होतं? कपाळ! पण परतीच्या बसमध्ये त्यांनी मनाशी एक ठरवलं, आणि आयुष्यात त्यांनी ठरवलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक होती. बाई शिकलेली आहे, ती म्हणते ते खरं असेल. चहाला भारी, इंजेक्शनला भारी, कबूल. पण दादा तेलाबद्दल उगीच बोलायचे नाहीत. मास्तर माणूस आहे तो. हलकं म्हटल्यावर हात आपटला म्हणजे आपटला. जाड, पातळ या दोन्हींत दादाला पडायचंच नाहीये, त्याला माल भारी हवाय. आपल्या दुकानात गिऱ्हाईक येतं, म्हणतं, हलक्यातलं नको, भारीतलं घड्याळ दाखवा. तसंच हे. आपण मूर्खासारखे जाड-पातळ करत बसलो!

शुक्रवारी दुकानात मालक नव्हता, त्याची सून बसली होती. सेकंदराव ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "तेल द्या. भारीतलं. एकदम भारी."

सुनेने वरच्या फळीवरून चंदेरी डबा काढला. "हे घ्या काका. याच्यापेक्षा भारी आमच्याकडे नाही."

डब्यावर आकडा होता शून्य-वीस. सेकंदरावांनी तो दोनदा वाचला. टॅक्सीवाला म्हणाला होता, आकडा मोठा तेवढं जाड. "अहो, पण हे पातळ ना?"

"पातळ आहे म्हणूनच तर भारी आहे, काका! जेवढं पातळ तेवढं भारी. नव्या गाड्यांना हेच लागतं."

"आमची जुनी आहे."

"मग तर चांगलंच घालायला हवं की!"

सेकंदरावांनी पैसे मोजले. डबा उराशी धरून ते घरी आले. दुपारी अंगणात चादर अंथरली, नरसाळं लावलं आणि सुईने तेल देणाऱ्या हातांनी चार लिटर तेल ओतलं. एक थेंब सांडला नाही. मधासारखं पिवळं, सुरेख तेल होतं. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "छान दिसतंय हो." सेकंदरावांना वाटलं, चला, आयुष्यात एक गोष्ट आपण दादासारखी केली.

शनिवारी सकाळी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. पण आवाज! कुणीतरी डब्यात खिळे घालून हलवावेत तसा वरून टक-टक-टक-टक आवाज यायला लागला. सेकंदराव कान देऊन ऐकत राहिले. त्यांच्या कानाला टक-टक नवी नव्हती, आयुष्य त्यातच गेलं. पण ही बरी नव्हती. मग वाटलं, चार महिने उभी आहे, अंग मोकळं होत असेल. मग वाटलं, तेल नवं आहे, पोचायला वेळ लागत असेल. मग वाटलं, साडूला फोन करावा. मग वाटलं, नको. साडेदहा वाजले होते. दादा कपडे घालून दारात बसले असणार. "अहो, निघा," बायको म्हणाली, "नाहीतर तुमचा सेकंद इथेच सुरू होईल." ते निघाले. वाटेत लाल दिव्यापाशी थांबले की वेगाच्या काट्याजवळ तेलाच्या धोक्याचा छोटा दिवा लुकलुकायचा, चालायला लागले की विझायचा. सेकंदराव त्याच्याकडे न बघण्याचा निश्चय करून त्याच्याचकडे बघत होते.

केंद्राच्या पायरीवर दादा उभे होते. बसलेले नव्हते, उभे होते! इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात काठी. शेजारी ती शिकवणारी बाई, त्यांची पिशवी आणि आपली वही घेऊन. करडी गाडी फाटकातून वळताना दिसली आणि दादांच्या तोंडावर हसू आलं, अर्ध्याच तोंडावर, पण आलं. आणि गाडी जवळ आली तसं ते मावळत गेलं. दादा मान तिरकी करून ऐकत होते.

त्यांना बाजूच्या, म्हणजे मास्तरांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं. पट्टा लावला. बाईने पिशवी मागे ठेवली, खिडकीशी वाकून म्हणाली, "या हं मास्तर, भेटायला या." सेकंदरावांनी गाडी हलवली. दहा फूट गेली असेल नसेल, खाडकन थांबली. सेकंदरावांचा पाय अजून क्लचवरच होता, म्हणून इंजिन सुरू, टक-टक सुरू, पण गाडी जागची हलेना. सेकंदरावांनी घाबरून सगळीकडे पाहिलं, आणि मग खाली पाहिलं. शिकवायच्या गाडीला मास्तरांच्या पायापाशीही एक ब्रेक असतो. दादांनी बऱ्या पायाने तो दाबून धरला होता.

"काय झालं, दादा?"

दादांनी बोट वर करून समोर, इंजिनाकडे दाखवलं. "भारी?" असा प्रश्न विचारल्यासारखं ते म्हणाले.

"हो ना! भारीच घातलंय, तू सांगितलंस तसं. दुकानातलं सगळ्यात भारी. चंदेरी डब्यातलं. पाण्यासारखं आहे बघ अगदी!"

दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला. ओठ थरथरायला लागले. मानेच्या शिरा फुगल्या. "जा..." ते म्हणाले. "जा... जा..."

हा शब्द चार महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. पण सेकंदरावांच्या डोक्यात काय शिरणार? "हो हो, जातोय दादा, जातोय!" म्हणत त्यांनी घाईघाईने क्लच अर्धवट सोडला. गाडीने एक गचका खाल्ला. दादांनी ब्रेक आणखी जोरात दाबला.

"जा... जा..."

"अरे, मग पाय काढ ना! जायचं आहे ना?"

"जा... जाऽड!"

मागे पायरीकडे वळलेली बाई गर्रकन फिरून गाडीकडे आली.

"जाड!" दादा ओरडले. तोच आवाज, पलीकडच्या रस्त्यावर जाणारा. बरा हात इंजिनाकडे, मग भावाच्या डोक्याकडे नाचवत ते ओरडले, "भारी... जाड! जाड!"

आणि सेकंदरावांना लख्ख कळलं. भारी म्हणजे जड. भारी म्हणजे दाट. गुरुवारी दादांनी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं, त्यांच्याजवळ असलेल्या एकुलत्या एका शब्दात दिलं होतं, आणि आपण त्याचा अर्थ महाग असा करून गाडीत पाणी भरलं. लाज वाटली, हसू आलं, काय काय झालं. तरीसुद्धा सवय ती सवय. त्या गडबडीतही त्यांना शंका आलीच आणि त्यांनी ती विचारलीच.

"पण दादा, जाड म्हणजे किती जाड?"

दादांनी डोळे वटारले. पस्तीस वर्षं बिनडोक शिकाऊंना सहन केलेल्या माणसाच्या तोंडून, जराही न अडखळता, फटकन निघालं, "वीस-पन्नास!"

मागे बाईच्या हातातली वही पडली. सेकंदरावांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. टक-टक थांबली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण आता शब्द त्यांच्याकडेच नव्हता. ते स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखे ढसाढसा रडायला लागले. आणि दादा बऱ्या हाताने त्यांच्या पाठीवर थापट्या मारत, रागारागाने, पुन्हा पुन्हा सांगत राहिले, "वीस-पन्नास. जाड. वीस-पन्नास."